घरी नेण्याचा कागद मराठीत द्या : सौंदर्यशस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी कोकणातून एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई
तसेच
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग

विषय : सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रुग्णाला मराठीत लेखी माहिती देणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय, महोदया,

रत्नागिरी जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत बत्तीस वर्षे काम करून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आता राजापूर तालुक्यातील माझ्या गावी राहते. नोकरी संपली तरी गावात कोणाच्या घरी आजारपण आले की मला बोलावणे येते, आणि गेल्या काही वर्षांत त्या बोलावण्यांत एक नवे कारण वाढले आहे. शहरात जाऊन पोटाची, नाकाची, छातीची किंवा केसरोपणाची शस्त्रक्रिया करून आलेली माणसे तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी परततात आणि पुढे काय करायचे हे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कोणीही नीट सांगितलेले नसते. हे पत्र त्यासाठी आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचे उदाहरण मी तिच्या परवानगीने देते. तिचे वय सेहेचाळीस, तीन बाळंतपणे झालेली, पोटाची कातडी इतकी सैल झालेली की पावसाळ्यात त्या घडीखाली सतत चिघळायचे आणि कंबर दुखायची. तिने काजूच्या पैशांतून चार वर्षे साठवण करून एका मोठ्या शहरातील दवाखान्यात पोटाची सैल कातडी काढून घेतली आणि त्याच वेळी लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणे, तेही करून घेतले. तिची इच्छा मला अजिबात गैर वाटत नाही आणि कोणी तिला नटवी म्हटले तर मला राग येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी, ती आगगाडीत बसून नऊ तासांचा प्रवास करून आली. पोटाला घट्ट पट्टा, कुशीला निचऱ्याची नळी आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी, एवढे तिच्याबरोबर होते.

पाचव्या दिवशी तिची डावी पोटरी सुजली. त्याच दिवशी बेंबीखालच्या टाक्यांच्या कडेला कातडी काळसर दिसू लागली. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टरांनी तिला आपुलकीने तपासले, पण तिच्या पिशवीतल्या कार्डावर शस्त्रक्रियेचे इंग्रजी लघुरूप आणि पाच गोळ्यांची नावे याखेरीज काहीही लिहिलेले नव्हते. किती चरबी काढली, भूल कोणती दिली, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन दिले होते की नाही, नळी कधी काढायची, यांपैकी एकही गोष्ट त्यांना कळू शकली नाही. कार्डावरचा फोन भेटीची वेळ ठरवणाऱ्या मुलीने उचलला आणि थोडे दुखणारच, असे सांगून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिला अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला न्यावे लागले. पायाच्या रक्तवाहिनीच्या सोनोग्राफीत गुठळी सापडली. तीन महिने रक्त पातळ ठेवण्याची औषधे घ्यावी लागली, आणि काळी पडलेली कातडी काढल्यावर ती जखम भरायला अडीच महिने गेले. आज ती बरी आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला सांगितले की शस्त्रक्रियेच्या कौशल्यात त्यांना काही खोट दिसली नाही. मला या पत्रात जे म्हणायचे आहे ते त्यांच्या याच वाक्यातून सुरू होते : शस्त्रक्रिया चार तासांची होती आणि ती चांगली झाली, पण त्यानंतरचे सहा आठवडे आमच्या घरात काढायचे होते आणि त्या सहा आठवड्यांची माहिती कोणीच घरी पाठवली नाही.

तिची कातडी का काळी पडली, याचे कारण शोधताना मला जे कळले ते प्रत्येक मराठी स्त्रीला शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले पाहिजे. दवाखान्याच्या छापील अर्जात धूम्रपान करता का, असा प्रश्न होता आणि तिने नाही असे लिहिले होते. ते खरेच होते. पण ती सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांना चोळली की त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जाते आणि बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पोटाच्या शस्त्रक्रियेत कातडी खालच्या थरापासून सुटी करून खाली ओढून शिवलेली असते, त्यामुळे तिच्या कडेला रक्त पोचवण्याचे काम त्या बारीक वाहिन्यांवरच अवलंबून असते. त्या आकसल्या की कडेची कातडी मरू शकते. चेहऱ्याची कातडी ताणण्याच्या आणि स्तनांच्या शस्त्रक्रियांतही हाच धोका असतो. म्हणून विडी, सिगारेट, मशेरी, तपकीर, गुटखा, तंबाखूची चिमूट यांपैकी जे असेल ते शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद हवे. आमच्याकडे मशेरीला कोणी व्यसन समजत नाही, ते दात घासणे समजले जाते. अर्ज तयार करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याचा प्रश्न अपुरा पडणारच. अर्जात मशेरी हा शब्द लिहा, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मागणी लहान वाटली तरी मी ती पहिल्या क्रमांकाची मानते.

दुसरा असाच प्रश्न गोळ्यांचा आहे. रक्त पातळ करणारी औषधे आणि साधी वेदनाशामके यांच्याबद्दल बहुतेक ठिकाणी विचारतात. पण गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या का, असे कोणी विचारत नाही आणि बायका आपणहून सांगत नाहीत. त्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या, दोन्हींमुळे रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, आणि पोटाच्या शस्त्रक्रियेत ती मुळातच अधिक असते. गुडघेदुखीसाठी बाजारातून आणलेल्या पुड्यांबद्दलही कोणी विचारत नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते आणि स्टेरॉइडने जखम भरायला उशीर लागतो. रुग्णाने घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे आणि पुड्या पिशवीत घालून तशाच डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. मात्र हृदयविकारासाठी किंवा स्टेंट बसवल्यानंतर सुरू केलेली गोळी कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती कधी थांबवायची, किंवा थांबवायची की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचे असते.

उपाशीपोटी या, एवढे सांगितले की आमच्याकडे माणसे सकाळी चहा पिऊन निघतात, कारण चहा हे खाणे आहे असे कोणालाच वाटत नाही. दुधाचा चहा जेवणासारखाच धरायचा आणि भूल देण्यापूर्वी सहा तास तो बंद ठेवायचा. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. भूलतज्ज्ञ कोण आहेत, ते शस्त्रक्रिया संपेपर्यंत आणि नंतर रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तेथे थांबणार आहेत का, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि या प्रश्नाचा कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी वाढवून मगच हौसेच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा.

ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. वेळ हाताशी असतो आणि तो वापरला पाहिजे. ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी जी मानके घालून दिली, त्यांत पहिली भेट आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत असे म्हटले आहे. आपल्याकडे दुपारी पहिली भेट, संध्याकाळी आज पैसे भरले तर सवलत म्हणून आगाऊ रक्कम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया, असे झालेले मी पाहिले आहे. त्यातही दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला पुन्हा यायला नको म्हणून हे सोयीचे असल्याचे पटवले जाते. मला याची काळजी वाटते, कारण दोन आठवड्यांत माणूस घरी बोलतो, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारतो आणि काही वेळा त्याच्या लक्षात येते की ही इच्छा त्याची स्वतःची नाही. मुलगी बघायला येणार आहेत म्हणून आईने नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला नेलेली एकोणीस वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसून रडली होती. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकते, हे तिच्या आईला माहीत असते तर निदान लग्नाची तारीख धरून घाई झाली नसती. स्वतःच्या चेहऱ्यातल्या एखाद्या बारीकशा गोष्टीने ज्याची झोप उडाली आहे, जो दिवसातून वीस वेळा आरशापुढे उभा राहतो, त्याला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले पाहिजे. अशा माणसाचे समाधान शस्त्रक्रियेने बहुधा होत नाही आणि तो दुसऱ्या, तिसऱ्या शस्त्रक्रियेकडे जातो.

लायपोसक्शनने वजन कमी होते, हा गैरसमज फार पसरला आहे. ती शरीराचा आकार सुधारण्याची शस्त्रक्रिया आहे. एका वेळी पाच लिटरहून अधिक द्रव आणि चरबी काढायची असेल तर ते मोठे प्रमाण समजले जाते आणि रुग्णाला रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. संध्याकाळी सोडून देऊ, असे कोणी म्हणाले तर किती लिटर काढणार, हा प्रश्न विचारावा.

केसरोपणाबाबत आपल्या वरिष्ठ संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यूट्यूबवरील व्हिडिओ पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून अशी शस्त्रक्रिया करता येत नाही आणि ती प्लास्टिक सर्जरीचे किंवा त्वचारोगशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावी, असा त्यांचा आशय आहे. तरीही आमच्या तालुक्यातली विशी-बाविशीतली मुले फक्त दर पाहून कुठेही जातात. त्या वयात केस मागे सरकण्याची प्रक्रिया अजून थांबलेली नसते, आणि डोक्याच्या मागच्या बाजूचे केस, जेथून मुळे काढतात, ते मोजकेच असतात. एकदा संपले की संपले. जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनची मात्रा प्रमाणाबाहेर गेली तर हृदयावर परिणाम होतो, म्हणून तेथे प्राणवायू आणि तातडीची औषधे असलीच पाहिजेत. रोपलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, ते तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि खरा परिणाम नऊ महिने ते वर्षभराने दिसतो. हे आधी सांगितले नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात हादरून गेलेली मुले माझ्याकडे आली आहेत.

ओठ आणि गाल भरण्याच्या फिलरविषयी मला थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण त्याला कोणी शस्त्रक्रियाच समजत नाही आणि ब्यूटी पार्लरच्या खुर्चीत ते टोचले जाते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर तेथील कातडी पांढरी पडून मरू शकते आणि क्वचित डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून कायमचे अंधत्व येते. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर विरघळवणारे औषध असते, ते हायल्युरोनिडेज या नावाने ओळखले जाते आणि फिलर टोचणाऱ्याकडे ते त्याच खोलीत तयार असले पाहिजे. डोळ्याच्या बाबतीत हाताशी असलेला वेळ तासा-दीड तासाचा समजला जातो. ज्या गावाहून जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच दोन तास लागतात त्या गावच्या बाईने टोचून घेतल्यानंतर लगेच घरची वाट धरू नये. टोचलेली जागा पांढरी पडली, जांभळी जाळी दिसू लागली, असह्य दुखू लागले किंवा एका डोळ्याने अंधुक दिसले तर सकाळपर्यंत थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

आता घरी आल्यावरचे. दवाखान्यांच्या सूचना शहरातल्या कोरड्या, वातानुकूलित खोलीसाठी लिहिलेल्या असतात आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. लायपोसक्शननंतर घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे घालायचा असतो. एकच पट्टा असेल तर तो घामाने आणि दमटपणाने ओलाच अंगावर राहतो आणि आठवड्यात बुरशीचे चट्टे उठतात. दोन पट्टे विकत घ्या, एक वाळत ठेवा, हे वाक्य कोकणात येणाऱ्या प्रत्येक कागदावर हवे. जखमेवर हळद, खोबरेल, तूप, पानांचा लेप यांतले काहीही लावायचे नाही. विहिरीचे पाणी उघड्या टाक्यांवर ओतायचे नाही. पाण्यात आणि नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांवर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले काही जंतू असतात. त्यांचा संसर्ग लगेच कळत नाही, काही आठवड्यांनी गाठी येतात, त्या फुटून वाहतात आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी त्या बऱ्या होत नाहीत. जखम महिन्याभराने पुन्हा वाहू लागली तर आमच्या तालुक्यातील डॉक्टरांनी पूचा नमुना या जंतूंच्या वेगळ्या तपासणीसाठी पाठवावा, आणि त्यासाठी रुग्णाने शस्त्रक्रिया झाल्याचे लाज न बाळगता सांगावे. लपवण्याने किती वेळ वाया जातो हे मी पाहिले आहे.

शेतीच्या घरात आणखी एक गोष्ट असते. लावणीच्या दिवसांत घरातली बाई नुसती बसून राहू शकत नाही. पण भरत आलेली जखम घेऊन चिखलात उतरले तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, जो आमच्या भागाला पावसाळ्यात नवा नाही. शिवाय पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे हंडा, भाताचा भारा, नारळांचे पोते यांतले काही उचलायचे नाही. तेव्हा पाणी कोण भरेल, गुरांचे कोण पाहील आणि चूल कोण सांभाळेल, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरात ठरले पाहिजे. जमेल त्याने दिवाळीनंतरचा काळ निवडावा, जेव्हा हवा कोरडी असते आणि शेतीची कामे सरलेली असतात.

खाण्याच्या पथ्याबद्दलही स्पष्ट लिहा. मासे खाल्ले की जखम पिकते, भाताने पू होतो, या समजुतीने आमच्याकडे रुग्णाला पंधरा-पंधरा दिवस नुसत्या पेजेवर ठेवतात. जखम भरायला प्रथिने लागतात, आणि ज्या घरात रोज बांगडा किंवा तारली येते त्या घरात त्याच रुग्णाच्या ताटातून मासा काढून घेतला जातो. डॉक्टरांनी अन्य कारणाने मनाई केली नसेल तर मासे, अंडी, डाळी, कुळीथ हे सगळे खावे. हे वाक्य डॉक्टरांच्या सहीच्या कागदावर असेल तर सासूबाई ते मानतील. माझ्या तोंडून सांगून पुष्कळदा उपयोग झालेला नाही.

व्रण मुरायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर तो लाल, कडक आणि खाजरा राहू शकतो आणि उन्हाने कायमचा काळा पडतो, म्हणून मासळीबाजारात किंवा बागेत उन्हात काम करणाऱ्यांनी तो झाकून ठेवावा. ज्यांच्या घराण्यात कान टोचल्यावर पाळीला गाठ आली आहे, त्यांनी हे आधीच सांगावे, कारण तशीच वाढती गाठ शस्त्रक्रियेच्या व्रणावरही येऊ शकते. जड कुड्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवून घेणे ही आमच्याकडची सर्वांत साधी सौंदर्यशस्त्रक्रिया, पण तिच्यापूर्वीही हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

धोक्याच्या खुणा मोठ्या अक्षरांत हव्यात. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, एकच बाजू काही तासांत टम्म फुगणे, कातडी काळी पडणे, ताप एकशे एकच्या वर जाणे, जखमेभोवतीची लाली पसरत जाणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे. यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचे. मूळ दवाखान्याचा निरोप येईपर्यंत वाट पाहायची नाही.

कायद्याच्या बाजूने नवे काही मागण्याची फारशी गरज नाही, असलेलेच घरापर्यंत पोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मधील एका निकालात सांगितले की रुग्णाला शस्त्रक्रियेचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती, आणि जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला तर एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीसाठी चालत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात, ती किमान तीन वर्षे जपावी लागतात, रुग्ण पाठवणाऱ्याला दलाली देता येत नाही आणि ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. माझ्या भावजयीने स्ट्रेचरवर पडल्यापडल्या इंग्रजी संमतीपत्रावर सही केली होती. तिला इंग्रजी येत नाही, आणि त्यातच छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगीही होती, हे आम्हाला नंतर कळले.

पैशांबद्दलही आधी सांगितले पाहिजे. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, आणि गुंतागुंत झाल्यावर विम्यावर विसंबून राहिलेल्याची निराशा होऊ शकते. अशा शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे रीतसर पावती मागावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. याउलट भाजल्याने आखडलेली मान, अपघाताने विद्रूप झालेला चेहरा, बाळाचा दुभंगलेला ओठ, यांची शस्त्रक्रिया हा उपचार असतो. त्यावर तो कर नाही, आणि भाजलेल्या रुग्णांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही सोय आहे. हा फरक न कळल्याने कर्ज काढून खासगी दवाखाना गाठलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

या विद्येशी आपल्या मातीचा जुना संबंध आहे. १७९३ मध्ये पुण्याजवळ विटा करणाऱ्या एका कारागिराने कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवले आणि त्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आला. तो वाचताना माझ्यातल्या परिचारिकेला सर्वांत भावला तो नंतरच्या शुश्रूषेचा भाग : पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे ठेवायचे, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडलेली कातडी सोडवायची. त्या माणसाकडे पदवी नव्हती, पण पुढच्या प्रत्येक दिवसाचा हिशोब त्याच्याजवळ होता.

वैद्यक परिषदेला माझी विनंती अशी आहे की पैसे घेण्यापूर्वी द्यायचा मराठी माहितीपत्रकाचा एक नमुना आपण ठरवून द्यावा आणि पहिली भेट व शस्त्रक्रिया यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवण्याची सूचना काढावी. रुग्णालयातून सुटताना मिळणाऱ्या कागदावर शल्यचिकित्सकाचे नाव व नोंदणी क्रमांक, नेमके काय केले, भूल कोणती, किती लिटर चरबी काढली, इम्प्लांट, म्हणजे स्तनात किंवा इतरत्र घातलेला कृत्रिम भाग, बसवले असल्यास त्याच्या क्रमांकाची चिठ्ठी आणि नळी व टाके काढण्याची तारीख असावी. इम्प्लांट जन्मभर टिकत नाहीत, आणि वीस वर्षांनी ते बदलायची वेळ आली तेव्हा ती चिठ्ठीच शोधली जाईल. रुग्ण शंभर किलोमीटरहून दूरचा असेल तर पहिली तपासणी होऊन नळी निघेपर्यंत त्याने त्याच शहरात राहावे, हे डॉक्टरांनी आधीच सांगून त्याचा खर्च अंदाजात धरावा. प्रवासाला निघाल्यावर तासा-दीड तासाने उठून चालावे, हेही त्यातच लिहावे.

जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती अशी की प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई यांच्या नेहमीच्या प्रशिक्षणात या धोक्याच्या खुणांसाठी एक तास ठेवावा. दक्षिण सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जातात, आमच्याकडचे कोल्हापूरला, उत्तरेकडचे मुंबईला. कोणत्या गावाने रात्री कोणत्या रुग्णालयाकडे निघायचे, हे त्या त्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

मी दोन पानांच्या माहितीपत्रकाचा एक मसुदा माझ्या परीने मराठीत लिहिला आहे आणि त्याची प्रत या पत्रासोबत टपालाने आपणा सर्वांना पाठवत आहे. तज्ज्ञांनी तो तपासून त्यातल्या चुका दुरुस्त कराव्यात. त्यात मशेरीचा रकाना आहे, पाळीच्या गोळ्यांचा आहे, पट्टा वाळवण्याचाही आहे. एकच रकाना मला भरता आलेला नाही, तो म्हणजे रात्री फोन केल्यावर जो डॉक्टर स्वतः उचलेल त्याच्या क्रमांकाचा. तो प्रत्येक शल्यचिकित्सकाकडून भरून घेण्याची व्यवस्था आपण करावी.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी